डिकीतला डब्बा काढला आणि बेसचा घोळ सापडला

मे महिन्यात गावी गेलेलो, चिपळूणकडे. निघतानाच बायकोने बजावलेलं की येताना आंब्याच्या पेट्या आणि तांदळाची दोन पोती आहेत, तो तुझा डब्बा घरीच ठेव. डब्बा म्हणजे माझा बारा इंची सबवूफर, बेस म्हणजे खालचे घुमणारे सूर वाजवणारा वेगळा मोठा स्पीकर, जो आमच्या छोट्या हॅचबॅकची अर्धी डिकी खातो. ठेवला बाबा घरी. आणि येताना कुंभार्ली घाटात कळलं की डब्बा नसेल तर आपल्या गाडीत बेस नावाचा प्रकारच नाहीये. चार दारांत चार स्पीकर, स्टिरिओवर बेस +६ ला, तरी डग्ग्याचा घुमारा गायब आणि नुसती टणटण, जसं कोणी तेलाच्या रिकाम्या डब्यावर ठेका धरलाय.

पोरगी मागे झोपली म्हणून मी फेडर (आवाज पुढच्या-मागच्या स्पीकरांत वाटायचं सेटिंग) पूर्ण पुढे आणला तर होता नव्हता तेवढा बेसही गेला. मग बायकोला फोन आला, तिने बॅलन्स (तेच, पण डावं-उजवं) सगळा माझ्या बाजूला ढकलला, आणि राव, बेस आला! एकच स्पीकर वाजतोय आणि दोन वाजताना होता त्यापेक्षा जास्त बेस. मी गाडी बाजूला घेऊन तीनदा करून बघितलं, बायको फोनवर सांगतीये की हा वेडा झालाय.

घरी येऊन दोन्ही पुढची दारं उघडली. पेन्सिल सेल घ्यायचा, दीड व्होल्टचा, सेलचा प्लस स्पीकरकडे जाणाऱ्या प्लसच्या वायरला आणि मायनस मायनसला क्षणभर टेकवायचा, जोडणी बरोबर असेल तर स्पीकरचा पडदा बाहेर उडी मारतो. डावा बाहेर आला, उजवा आत गेला. म्हणजे कोणीतरी उजव्या दाराच्या वायरी उलट्या जोडलेल्या, बाहेरून बसवलेल्या स्टिरिओच्या हार्नेसला (वायरींच्या जुडग्याला) पुढच्या उजव्या स्पीकरची राखाडी वायर प्लस असते आणि काळ्या पट्टीवाली राखाडी मायनस, एवढंच बघायचं होतं. आता एक पडदा हवा पुढे ढकलतोय तेव्हा दुसरा मागे ओढतोय. ६० हर्ट्झची, म्हणजे सेकंदाला ६० कंपनांची लाट पावणेसहा मीटर लांब असते आणि गाडी चार मीटरच्या आतली, त्यामुळे खालचे सूर गाडीभर एकमेकांना खाऊन टाकतात. वरचे सूर, गायकाचा आवाज वगैरे ठीकठाक वाजतं म्हणून दोन वर्षं संशयच आला नाही. ज्याने बसवलं त्याच्याकडेच मी 'बेस कमीय' म्हणून गेलेलो आणि त्याने मला सबवूफर विकला. जाऊदे, नाव घेत नाही.

वायरी सरळ केल्या, निम्मं काम तिथंच झालं. पण दार उघडलेलंच होतं तर आत बघितलं, आणि आत म्हणजे भोकंच भोकं. स्पीकर पुढे जेवढी हवा ढकलतो तेवढीच मागेही ढकलतो, आणि मागची हवा त्या भोकांतून फिरून पुढे आली की परत तेच, बेस बेसला खातो. दार हाच त्या स्पीकरचा डब्बा, तो फुटका असेल तर कितीही महागडा स्पीकर लावा. कलिंगड घेताना टिचकी मारतो तशी पत्र्यावर मारून बघा, 'टण्ण' आलं तर पत्रा स्वतःच वाजतोय.

रविवार सगळा त्यात गेला. पत्रा थिनरने पुसला, ब्युटाइलची डॅम्पिंग शीट (पत्र्याची थरथर थांबवणारी चिकट रबरी शीट) हेअर ड्रायरने गरम करून बाहेरच्या पत्र्यावर रोलरने दाबून बसवली (सगळीकडे थापायची गरज नाही, मधला मोठा भाग पुरतो), मग आतल्या पत्र्याची मोठी भोकं बंद केली. दाराच्या एकदम खाली पाणी जायची भोकं असतात ती मात्र चुकूनही बंद करू नका, आपल्याकडचा पाऊस काचेच्या फटीतून दारात उतरतो आणि तिथूनच जातो, बुजवलं तर दारात विहीर आणि दोन वर्षांत गंज. आणि पॅनल लावायच्या आधी काच पूर्ण खाली-वर करून बघा, मी नाही बघितली, परत उघडायला लागलं, दोन क्लिपा तुटल्या.

आता वॅटचं गंमतशीर प्रकरण. स्टिरिओच्या खोक्यावर '५० वॅट गुणिले ४' असतं ना, ते बघून मला वाटायचं बक्कळ ताकद आहे. इंजिन चालू असताना साधारण १४.४ व्होल्ट मिळतात, स्पीकर ४ ओहमचा (ओहम म्हणजे विजेला होणारा अडथळा), १४.४ चा वर्ग भागिले ४ म्हणजे ५२ वॅट, म्हणजे तो आकडा आवाज पूर्ण फाटल्यावरचा. स्वच्छ आवाजात कागदावरही २६ च्या आसपास, प्रत्यक्षात वीसेक. त्यात मी बेस +६ केलेला, आणि ६ डेसिबल वाढवायला चौपट पॉवर लागते, ती आणणार कुठून. म्हणजे मी बेस वाढवत नव्हतो, फाडत होतो. बेस शून्यावर आणला आणि उलट दारांना ८० हर्ट्झचा हाय पास लावला, म्हणजे त्याखालचं दारांनी वाजवायचंच नाही. ऐकायला विचित्र वाटतं पण त्या साडेसहा इंची पडद्याची ओढाताण थांबली आणि ढोलकीची थाप एकदम कोरडी, टणक ऐकू यायला लागली.

मग डब्बा परत आला, कारण ८० च्या खाली कोणीतरी हवंच. त्याच्या अ‍ॅम्पचा (सबला ताकद देणाऱ्या खोक्याचा) गेन कान पिळून फुल केलेला. गेन म्हणजे आवाजाचं बटण नाही हो, स्टिरिओतून येणारा सिग्नल आणि अ‍ॅम्प यांचा मेळ घालायचा तो स्क्रू आहे. माझा अ‍ॅम्प १५० वॅट आरएमएस (सतत देऊ शकतो ती ताकद), ४ ओहम, १५० गुणिले ४ म्हणजे ६००, त्याचं वर्गमूळ साडेचोवीस. सबची वायर काढली, बेस बूस्ट बंद, स्टिरिओ पाऊण व्हॉल्यूमला ठेवून ५० हर्ट्झचा टोन लावला आणि मल्टिमीटर एसीवर ठेवून साडेचोवीस व्होल्ट येईपर्यंत गेन फिरवला. पावपेक्षा थोडा जास्त निघाला, बस. इतके दिवस जो जळका वास यायचा तो बंद झाला. हे करताना बॅटरीजवळचा फ्यूजही बघून घेतला, तो बॅटरीपासून वीतभर-दोन वीत अंतरातच पाहिजे, अ‍ॅम्पजवळ लावून उपयोग नाही, मधली वायर घासून पत्र्याला लागली तर आग तिथंच लागणार.

चुलतभाऊ म्हणतो आता पोर्टवाला (हवा बाहेर यायला भोक ठेवलेला) डब्बा घे, दणका येईल. त्याच्या गाडीत येतो पण, सिग्नलला उभा राहिला की शेजारची रिक्षा हलते. पण ते नुसतं 'भूंऽऽ' असतं, कोणतंही गाणं लावा तेच. मला बंद डब्ब्यातला बरा वाटतो, डग्ग्यावर मनगट घासल्यावर सूर वर चढतो ना तोही कळतो त्यात.

सध्या एकच कटकट उरलीये, ठरावीक सुराला मागून 'झर्रर्र' येतं. आठवडाभर डिकीचं झाकण, टूलकिट, स्टेपनी सगळं तपासलं. काल पोरीने बाहेर उभं राहून बोट ठेवलं, नंबर प्लेट. फोमची टेप आणायचीय.