मग सगळेच गरीब चोर का नाहीत?

तुम्ही विचारलंत म्हणून. लीगल एडच्या, म्हणजे गरिबांना मोफत वकील देण्याच्या, केसेस घेते म्हटलं की लग्नाच्या पंगतीतसुद्धा हाच प्रश्न येतो: गरिबीमुळे चोऱ्या होतात म्हणता, मग सगळेच गरीब चोर का नाहीत?

पूर्वी मी यावर भाषण ठोकायचे. रॉबर्ट मर्टन या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाने १९३८ सालीच मांडलंय की स्वप्नं सगळ्यांना सारखी दाखवायची आणि तिथवर जायचे रस्ते मोजक्यांनाच द्यायचे, तर काहीजण आडवाट धरणारच. काहीजण. सगळे, असं तोही म्हणत नाही. पण तेवढं ऐकायला कुणी थांबत नाही.

मग मी पारध्यांवर यायचे. इंग्रजांनी १८७१ च्या कायद्याने जमातीच्या जमाती जन्मजात गुन्हेगार ठरवल्या. १९५२ च्या ३१ ऑगस्टला तो शिक्का पुसला, तर १९५९ साली मुंबई राज्याने सराईत गुन्हेगारांचा कायदा आणला. तालुक्यात घरफोडी झाली की आजही पहिली गाडी पालावर जाते. बँक बुडवणाऱ्याची अख्खी सोसायटी रात्रीतून उचलून नेल्याचं ऐकलंय कधी?

हे सगळं मी आजही म्हणते. पण एका पारधी अशिलाने मंडईतल्या भाजीवालीच्या गळ्यातलं ओढलं. उगाच गोवलं वगैरे काही नाही, कोर्टात त्याने गुन्हा कबूल केला. मुद्देमाल घ्यायला बाई आली. कारकुनाने सील फोडून तिच्या हातावर ठेवली ती सोनाराने वितळवलेली, बोटाच्या पेराएवढी लगड. तिने उलटीपालटी करून बघितली. "ह्यात माझ्या वाट्या कुठं हायत?" वजन भरतंय ना, अंगठा करा, तो म्हणाला. तिने केला. मग व्हरांड्यात मला गाठलं. "बाई, पहाटं तीनला उठून यार्डात जाते मी. मालक अंथरुणाला खिळलाय. मीबी गरीबच हाय की. म्या कुणाचं वढलं का?"

तुमचाच प्रश्न. तुम्ही विचारता तेव्हा चीड येते. तिने विचारला तेव्हा मी पर्समध्ये पेन शोधत राहिले.

माझ्या त्या पारधी अशिलाचा सख्खा भाऊ दरसाल ऊसतोडीला जातो. त्याने कुणाच्या काडीला हात लावलेला नाही. एक चोर झाला, दुसरा का नाही, हे विषमतेने उलगडत नाही. चोरी झाल्यावर पोलीस दोघांनाही का नेतात आणि आत जाऊन आलेल्याला मुकादम टोळीत का घेत नाही, ते मात्र उलगडतं. एवढ्यावर भागतं का? कोर्टात वाटतं, भागतं. मंडईत वाटत नाही.

वकीलपत्र सोडलेलं नाही. २०२२ अखेर देशातल्या तुरुंगांत ७५ टक्क्यांहून जास्त लोक कच्चे कैदी होते, म्हणजे खटल्याचा निकाल न लागलेले. माझा तो अशील सध्या त्यांच्यातच आहे. नवी केस. या वेळी तो म्हणतो, मी नव्हतोच. जामीन मंजूर झालाय, पण ऐपतीचा दाखला असलेला जामीनदार पालावर कुठून आणायचा?