त्या झाडाले लाईट कधी लागते?

आमच्या गावात देवी बसते त्या संध्याकाळी मंडपाच्या तोंडाशी एक बटन असतं. लाकडी पाटीवर लाल बटन, त्याला हार घातलेला. सरपंच येतात, बोट पुढे करतात, टाळ्या वाजतात आणि कमानीपासून मंडपापर्यंतची सगळी झालर एकदम पेटते. त्या बटनाला वायर नसते. मंडपाच्या मागं, पाण्याच्या ड्रमाजवळ मी मेन स्विचवर हात ठेवून बसलेला असतो आणि टाळ्यांचा अंदाज घेऊन तो टाकतो. एका वर्षी टाळ्या आधीच वाजल्या. सरपंचांचं बोट हवेत होतं आणि लाईट लागून गेली. पानठेल्यावर अजूनही त्यावरून चिमटे बसतात.

मोटार रिवाइंडिंग हा माझा पोटाचा धंदा. लाईट डेकोरेशन हौसेचा. देवी, उरूस, चौदा एप्रिल, लग्न, कोणाच्याही मांडवाला झालर माझीच असते. त्यामुळे यंदा अमेरिकेत नाताळचं झाड पाहायला जायचं घाटतंय हे कळल्यावर गावातल्यांनी जे जे विचारलं, त्यातला एकच प्रश्न मला रास्त वाटला. तो माझ्या दुकानातल्या पोराचा होता. “मालक, थ्या झाडाचं बटन कोण दाबते, अन् खरं कोण दाबते?”

सुरुवात आईनं केली. धाकटा भाऊ न्यू जर्सीत एडिसनला राहतो. गेल्या डिसेंबरात, ४ तारखेच्या गुरुवारी सकाळी साडेआठला त्याचा व्हिडिओ कॉल आला. तिकडं बुधवारची रात्र, दहा वाजत आलेले. न्यूयॉर्कला जिथं ते झाड उभं करतात त्या रॉकफेलर सेंटरच्या इमारतींबाहेर तो गर्दीत उभा होता. बराच वेळ मला नुसत्या टोप्या आणि वर धरलेले फोनच दिसत होते. दुकानासमोरच्या बाकड्यावर आई चहा पीत बसली होती. एकदम तिकडून मोठा आवाज उठला, भावाचा हात हलला, आणि टोप्यांच्या वर काहीतरी रंगीत पेटलेलं अर्धंमुर्धं दिसलं. आई ओरडली, “लाईट आली!”

ज्यांच्याकडं शेतीची लाईन कधी दिवसा तर कधी रात्री येते त्यांनाच हे ओरडणं कळेल. रात्री दोनला हरभऱ्यावर पाणी लावायला गेलेला माणूस विहिरीच्या काठावर अंधारात बसतो, स्टार्टरच्या डब्यावरचा लहान दिवा पेटला की सगळं शिवार ओरडतं. आई त्याच आवाजात ओरडली. मग कप खाली ठेवून म्हणाली, “मले हे पाहाचं हाये.”

व्हिसाची कहाणी लांबवत नाही. मुंबईच्या चकरा झाल्या, फोटो-अंगठे झाले, उन्हाळ्यात मुलाखत झाली. खिडकीपलीकडून आईला विचारलं, कशाला जाता? आई म्हणाली, “झाड पाहाले.” मी घाईघाईनं मुलाकडे, नातवाकडे असं जोडून दिलं. मिळाला.

तेव्हापासून मी अभ्यास करतोय, आणि पहिल्यांदा मी काय शोधलं असेल तर युनिट. त्या झाडावर पन्नास हजार दिवे असतात आणि त्यांना लागणारी वायर पाच मैल, म्हणजे आठ किलोमीटर. आमच्या गावातून वडकीला हायवेवर निघायला जवळपास तेवढंच अंतर आहे. एवढ्या वायरीत सांधे किती येत असतील आणि बर्फाच्या ओलीत ते तग कसे धरत असतील, हे मला कोणी सांगितलं तर मी बाकी झाड नाही पाहिलं तरी चालेल. २००७ साली त्यांनी जुने बल्ब काढून एलईडी लावले. तेव्हा रोजचा खर्च ३,५१० युनिटांवरून १,२९७ वर आला. आमच्या घराचं बिल महिन्याला शंभर युनिटांच्या आसपास येतं. म्हणजे एलईडी लावूनसुद्धा त्या झाडाचा एक दिवस तो आमच्या घराचा तेरावा महिना धरून एक वर्ष. आईला हे सांगितलं तर ती म्हणाली, “बिल कोणाच्या नावानं येते?”

मी धंद्याला लागलो तेव्हा आम्हीही बारीक बल्बांच्या सिरीज करत होतो. एक बल्ब उडाला की अख्खी माळ मेली. मग टेस्टर घेऊन एकेक बल्ब हलवत बसा. एलईडी आली तेव्हा मला वाटलं धंदा बसला, कारण बाजारात तयार माळ इतकी स्वस्त मिळते की कोणीही लावतो. पण लावणं आणि टिकवणं यात फरक आहे, आणि तेवढ्यावर माझं चाललंय. असो.

झाडाच्या शेंड्यावरचा ताराच सुमारे चारशे किलोचा आहे. चार क्विंटल! कापसाच्या मापात सांगितलं की आमच्याकडं लगेच कळतं. डॅनिएल लिबेस्किंड या वास्तुकारानं केलेला, सत्तर टोकांचा, तीस लाख स्फटिकांचा हा तारा २०१८ पासून बसवतात. दुकानातल्या पोरानं लगेच विचारलं, “अन् शेंडा वाकत नाही?” झाड नॉर्वे स्प्रूस जातीचं असतं, बुंधा जाड, पण शेंडा कोणत्याही झाडाचा बारीकच. झाडाभोवती आधी पूर्ण मचाण बांधतात, मग क्रेननं तारा वर जातो. बाकी मी त्याला म्हटलं, पाहून येतो आणि सांगतो.

आईला तारा, वायर यांत काही रस नाही. तिला झाडाची काळजी. हे झाड जंगलातलं नसतं, कोणाच्या तरी घराच्या आवारातलं असतं आणि घरवाले ते देऊन टाकतात. २०२५ चं झाड न्यूयॉर्क राज्यातल्याच ईस्ट ग्रीनबुशचं होतं, ७५ फूट उंच, अकरा टनांचं. “दाराचं उभं झाड तोडते?” आईनं विचारलं. मी सांगितलं की जानेवारीत ते उतरवलं की त्याच्या फळ्या पाडतात आणि हॅबिटॅट फॉर ह्युमॅनिटी या घरं बांधणाऱ्या संस्थेला देतात. २००७ पासून हे चालू आहे. तिनं थोडा वेळ विचार केला. मग हायवे रुंद झाला तेव्हा आमच्या फाट्यावरच्या चिंचा गेल्या, त्याच्या फळ्या कोणाच्या घराला लागल्या, असं विचारलं. मला सांगता आलं नाही.

मात्र एक गोष्ट तिला मनापासून पटली. हे झाड पहिल्यांदा उभं केलं ते कोणा शेठनं नाही. १९३१ साली त्या इमारतींचं काम चालू होतं, तिकडं मंदीचे दिवस होते, आणि कामावरच्या मजुरांनी आपसात वर्गणी करून वीस फुटांचं एक झाड आणलं. त्याला घरच्यांनी हातानं केलेल्या माळा घातल्या. नाताळच्या आदल्या दिवशी त्याच झाडाजवळ रांगेत उभं राहून त्यांनी पगार घेतला, त्याचा फोटो आहे. मी तो आईला मोबाइलवर मोठा करून दाखवला. काळे कोट, टोप्या, चिखल, मागं ते किडकिडं झाड. ती म्हणाली, “हप्त्याचा दिवस हाये.” वेचणीच्या बायका शनिवारी आमच्या ओसरीपुढं अशाच उभ्या राहतात. समारंभ म्हणून दिवे लावणं दोन वर्षांनी, १९३३ ला सुरू झालं. तेव्हा सातशे दिवे होते. सातशे दिवे मीही लावतो.

आता अडचणीकडं येतो. हा सोहळा बहुतेक थँक्सगिव्हिंग या तिकडच्या नोव्हेंबरातल्या सणानंतरच्या बुधवारी असतो. २०२४ ला ४ डिसेंबर, २०२५ ला ३ डिसेंबर. त्या हिशेबानं यंदा २ डिसेंबर येतो. आणि डिसेंबरचा पहिला आठवडा म्हणजे आमच्याकडं कापसाचा दुसरा वेचा. बोंडं फुटून लोंबायला लागलेली, बायका मिळत नाहीत, ज्याच्याकडं गाडी उभी तिकडं त्या जातात. त्या आठवड्यात मी शेत सोडून अमेरिकेत, हे ऐकून सासरे काहीच बोलले नाहीत. त्यांनी फक्त तंबाखू मळली.

दुसरी अडचण भावानं सांगितली. तिकीट नाही, फुकट आहे, हे खरं. पण त्याची किंमत उभं राहण्यात द्यावी लागते. पोलीस रस्त्यात लोखंडी कठडे लावतात, दुपारपासून लोक त्यात शिरतात, आणि एकदा बाहेर पडलात की पुन्हा ती जागा नाही. संडास-मुतारी नाही. साडेचारलाच अंधार पडतो, थंडी हाडात जाते. टीव्हीवरचा कार्यक्रम आठला सुरू होतो आणि झाड पेटतं ते थेट दहाच्या सुमारास. तोपर्यंत गाणी. भाऊ चारला गेला होता, आणि त्याला झाड दिसलं ते एका बिल्डिंगच्या कोपऱ्याआडून. आईचे गुडघे मी डोळ्यांआड केले असते, खुर्ची मिळेल म्हणून स्वतःची समजूत काढली असती. पण तिला शुगर आहे. दीड तासाच्या वर तिला थांबता येत नाही. यावर कोणती युक्ती करणार?

दोन दिवस घरात या विषयावर कोणी बोललं नाही. भाऊ म्हणाला, “भाऊ, तू एकटा जा गर्दीत, आईले मी घरी टीव्हीवर दाखवतो.” आई म्हणाली, टीव्हीच पाहाचा होता त मुंबईले अंगठे कायले देले?

मग एका रात्री दुकानात मोटारीचं वाइंडिंग सुकायला ठेवून मी फोनवर वाचत होतो, आणि मला एक ओळ सापडली. सोहळ्याच्या दिवसानंतर ते झाड रात्री बाराला बंद करतात आणि पहाटे पाचला पुन्हा चालू करतात. रोज. जानेवारीपर्यंत.

म्हणजे तिथंही एक माणूस रोज पहाटे पाचला मेन टाकतो! हाताने टाकतो की टायमर लावलाय, ते जाऊ द्या. टाळ्या नाहीत, कॅमेरे नाहीत, बोट पुढं करणारे सरपंच नाहीत, आणि काळ्या झाडात एकदम पन्नास हजार दिवे. मी तसाच घरी गेलो. आई जागीच होती. सांगितलं. ती म्हणाली, “पाचले त मी उठलेलीच रायतो.”

त्यातून बाकीच्या गाठी आपोआप सुटत गेल्या. तारखेचं बंधन गेलं, म्हणून दुसरा वेचा आटपून निघायचं. तूर सोंगायला जानेवारीत परत यायचं. दहा डिसेंबरच्या आसपास पोचायचं आणि १६ तारखेच्या बुधवारी पहाटे जायचं. आपल्यापेक्षा ते साडेदहा तास मागं, तेव्हा पहिले काही दिवस आम्ही भलत्या वेळी जागे असणारच, उपयोग करून घेऊ. फक्त २५ डिसेंबर टाळायचा, कारण नाताळच्या दिवशी झाड चोवीस तास चालू ठेवतात, तेव्हा पाचला काहीच घडत नाही. भावालाही यात फायदा दिसला. हे झाड न्यूयॉर्कच्या मॅनहॅटन भागात आहे, तिकडं गाडी नेली की जानेवारी २०२५ पासून टोल बसतो, दिवसा ९ डॉलर. पण आठवड्याच्या दिवशी पहाटे पाचच्या आत शिरलं तर सव्वादोन. “पावणेपाचले नदीखालच्या बोगद्याच्या पलीकडं असू,” तो म्हणाला. अमेरिकेत बारा वर्षं राहून आमच्या बापाचा पोरगा टोलाचे चार पैसे वाचवण्यावरच येऊन ठेपतो.

मी खोटं बोलणार नाही. मला टाळ्या हव्या होत्या. त्या गर्दीचा तो एक आवाज, मेन टाकल्यावर येतो तसा, मला समोरून ऐकायचा होता. बावीस वर्षं मी तो मंडपाच्या मागूनच ऐकलाय. ३ डिसेंबरला सकाळी साडेआठला तो मी पुन्हा दुकानात बसून फोनवर ऐकेन, त्या दिवशी जळालेली मोटार कोणी आणली नाही तर.

आता कपाशी गुडघाभर आहे आणि आमच्याकडं तयारी चालू आहे ती बुटांची. आईनं आयुष्यात बूट घातलेले नाहीत. हिंगणघाटला जाऊन मऊ तळव्याचे, आतून अस्तर असलेले आणले. दुकानदारानं विचारलं, पावसाळ्यात हे कोणाला? मी म्हटलं, सराव करायचा आहे. मोजे घालायला तिला शिकवलं, टाच कुठं येते ते दाखवलं. रोज पहाटे पाचला ती ते घालून अंगणात फेऱ्या मारते. काल रात्रभर पाऊस होता. मी उठून पाहिलं तर ती अनवाणी चिखलातून फिरत होती आणि बूट दोन्ही हातांत धरलेले.

“नवे हाये,” म्हणाली. “खराब होतीन.”