आधी मराठी टाइप करून बघ

विंडोज टेनला मायक्रोसॉफ्टकडून मिळणारा पाठिंबा, म्हणजे सुरक्षेचे अपडेट वगैरे, संपला 14 ऑक्टोबर 2025 ला, म्हणजे ऐन वसुबारसेच्या तोंडावर. तारीख ठरवणाऱ्यांना वसुबारस माहीत असायचं काही कारण नाही, पण नेम अचूक बसला. माळे उपसायचे, वर्षभर हात न लागलेल्या वस्तू बाहेर काढायच्या, त्याच आठवड्यात आमच्या टेबलाखालचा सीपीयूही मोडीत निघाला. वास्तविक त्याला काहीही झालेलं नव्हतं. पंखा फिरत होता, दसऱ्याला लावलेलं हळदकुंकू अजून कपाळावर होतं. पण आत तिसऱ्या पिढीचा आय थ्री. विंडोज इलेव्हनला इंटेलचा आठव्या पिढीपासून पुढचा प्रोसेसर लागतो, शिवाय टीपीएम 2.0 नावाची सुरक्षेची सोय लागते. वर्षभराची मुदतवाढ मिळण्याची तजवीज होती, पण मुदतवाढ म्हणजे पुढच्या दिवाळीत पुन्हा हेच.

"आत्या, भंगारात दे तो. लॅपटॉप घे छानसा," भाचा म्हणाला.

"आणि त्यातल्या फायली?"

"पेनड्राइव्हवर काढून देतो. दहा मिनिटांचं काम."

"काढशील रे. पण उघडशील कशात?"

हा प्रश्न त्याच्या पिढीला पडत नाही. फाइल काढली की ती उघडते, अशी त्यांची समजूत. माझी हयात घरगुती डीटीपीत गेली: लग्नपत्रिका, दिवाळी अंकाची पानं, पतपेढ्यांचे वार्षिक अहवाल, आमच्याच सोसायटीची इतिवृत्तं. विंडोज 98, पानं लावायचा पेजमेकर आणि विकत घेतलेले मराठी फाँट. फाँटांच्या सॉफ्टवेअरला एक लॉक असे. ते प्रिंटरच्या पोर्टात खुपसायचं, आणि त्या लॉकच्या पाठीत प्रिंटरची वायर. लॉक सैल झालं की मराठी बंद.

त्या काळच्या फायलींत खरं म्हणजे मराठी नसायचंच. इंग्रजी अक्षरांच्या जागांवर मराठी अक्षरांची चित्रं बसवलेली असत. फाँट जागेवर आहे तोवर पडद्यावर 'आमचे येथे श्रीकृपेकरून'. फाँट गेला की त्याच ओळीत डॉलर, कंस, उद्गारचिन्हं आणि डोक्यावर दोन टिंबं घेतलेली युरोपातली अक्षरं. आणि एका कंपनीच्या फाँटात लिहिलेलं दुसरीच्या फाँटात लावलं, तर मराठीच दिसायचं, पण कुठल्या मुलखातलं ते कळायचं नाही.

म्हणून आमच्याकडे कॉम्प्युटरला फॉर्मॅट मारणं हा प्रकार इतर घरांसारखा कधीच नव्हता. दर वर्षा-दोन वर्षांनी यंत्र रखडायला लागायचं, मग गल्लीच्या तोंडावरच्या दुकानातला मुलगा सीड्यांचं पाकीट घेऊन यायचा. मार्करने 'विंडोज एक्सपी' लिहिलेली सीडी (ती कुठली हे तेव्हा कुणी विचारत नसे). निळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं, करार न वाचता एफ एट, मग फॉर्मॅटची पिवळी पट्टी सरकत राहायची. सी ड्राइव्ह पुसायचा, डी ला हात लावायचा नाही, हा दंडक. पुढे एक्सपी सांगायची की सुमारे 39 मिनिटं लागतील. ती 39 मिनिटं ज्यांनी बघितली आहेत त्यांना त्यांची लांबी वेगळी सांगायला नको. मध्येच ती 33 वर येऊन बसत, आणि त्या मुक्कामात चहा होऊन कपबशा विसळूनही व्हायच्या. मुलगा उठून जाऊ शकत नसे, कारण मध्येच पंचवीस अक्षरांची की घालायची असे. माणसाला काही काम नाही आणि हलताही येत नाही अशा जागा फार थोड्या असतात. त्या वेळात मला त्याच्या बहिणीच्या स्थळांपासून दुकानाच्या भाड्यापर्यंत सगळं कळलेलं असे.

"झालं ताई. नेट चालू, गाणंही वाजतंय."

"आधी मराठी टाइप करून बघ."

तिथे त्याचा चेहरा पडायचा. पुढे युनिकोड आलं, म्हणजे प्रत्येक लिपीतल्या अक्षराला संगणकात स्वतःची ठरलेली जागा मिळाली, तेव्हाही सुटका नव्हती. एक्सपीत मराठी नीट दिसायचं तर कंट्रोल पॅनेलात जाऊन एक चौकट शोधून टिचकी मारावी लागे. तिच्यात मराठीचं नावही नसे, उजवीकडून डावीकडे लिहायच्या लिप्यांबरोबर एकाच गाठोड्यात आपण बांधलेले. टिचकी मारली की ती पुन्हा सीडी मागायची, आणि सीडी तोवर मुलाच्या पाकिटातून दुसऱ्या घरी. ती सोय नसली की 'दिवाळी'तली पहिली वेलांटी द च्या मागे जाऊन उभी राहायची. वाचता यायचं, पण वाचवायचं नाही.

तर या दिवाळीत मी विंडोजच्या जागी लिनक्स मिंट टाकायचं ठरवलं. तत्त्वाचा वगैरे प्रश्न नव्हता. चार जीबी रॅमवर एक्सएफसीई वाली हलकी आवृत्ती बरी चालते, बाविसाव्या मालिकेला 2029 पर्यंत अपडेट मिळणार आहेत, आणि पैसे पडत नाहीत. शिवाय घाई होती. आमची सोसायटी पुनर्विकासाला चालली आहे आणि सेक्रेटरींना 2003 च्या सभेचं इतिवृत्त हवं होतं, पार्किंगचा ठराव होता त्यात. कागदी वही 2005 च्या पुरात तळमजल्याच्या ऑफिसबरोबर गेली. उरली ती माझ्याकडची फाइल.

सीपीयू उघडला तर आत घराच्या सगळ्या खोल्यांची धूळ. ब्लोअर मारला, रॅमच्या पट्ट्या काढून त्यांच्या सोनेरी कडा खोडरबराने घासल्या. ही विद्या कुठल्या कोर्समध्ये शिकवत असतील असं वाटत नाही, पण महाराष्ट्रातला अर्धा हार्डवेअर धंदा खोडरबरावर उभा आहे. मदरबोर्डावरचा सीआर 2032 चा गोल सेल मेलेला होता, तो घड्याळवाल्याकडून आणला. सेल मेला की यंत्राचं घड्याळ दर वेळी पहिल्या दिवसावर जातं. आमचं 1 जानेवारी 2012 ला जायचं. मग ब्राउझर एकही साइट उघडत नाही, सगळी असुरक्षित म्हणतो. त्याचं बरोबरच असतं. 2012 साली उभं राहून बघितलं तर आजच्या साइटींची प्रमाणपत्रं अजून सुरूच झालेली नसतात. नेट गेलं म्हणून राउटर बदलणारी माणसं मी पाहिली आहेत, आणि दोष निघाला तो त्या बटणाएवढ्या सेलात.

जुन्या हार्डडिस्कला हातच लावायचा नाही असं पहिल्यापासून ठरलं होतं. नवी एसएसडी घेतली, मिंट तिच्यावर, आणि जुनी डिस्क शेजारी होती तशी. रूफस नावाच्या प्रोग्रामने पेनड्राइव्ह बूटेबल केला, म्हणजे यंत्र त्याच्यावरून सुरू होईल असा. मिंटचं मला आवडलं ते हे की काहीही न पुसता ते पेनड्राइव्हवरूनच चालवून बघता येतं. घर भाड्याने घेण्याआधी चार दिवस राहून बघायला द्यावं, नळाला पाणी किती वाजता येतं ते कळावं, तसं. वायफाय आलं, आवाज आला, प्रिंटरही ओळखला. मग टाकलं. भाषा, कीबोर्ड, कुठल्या डिस्कवर, कुठल्या गावात राहता, असं मोजकंच विचारतं. गावासाठी जगाचा नकाशा येतो आणि भारतात कुठेही टिचकी मारा, खाली कोलकाताच उमटतं. वेळ एकच असल्यामुळे बिघडत काही नाही, पण आपण डोंबिवलीत बसून कोलकाता मान्य करतो तेव्हा किंचित लागतं. हे सगळं त्या 39 मिनिटांच्या आत आटोपलं. चहा निम्मा कपात होता.

कीबोर्डाच्या यादीत भारताखाली मराठी स्वतंत्र होती. इनस्क्रिप्ट होता, फोनेटिक होता. कुणी सीडी मागितली नाही, लॉक नाही. रिकाम्या पानावर माझी नेहमीची परीक्षा घेतली: दऱ्याखोऱ्या, ऱ्हस्व, क्षितिज, यज्ञ, ॲल्युमिनियम. डोक्यावरच्या रफारात आणि 'ऱ्या'मधल्या त्या आडव्या कोयरीत गोंधळ झाला की समजायचं, करणाऱ्याला मराठी माहीत नाही. झाला नाही. ॲ सुद्धा सरळ आला. या अक्षराला युनिकोडमध्ये स्वतःची जागा मिळाली 2008 मध्ये, त्याआधी अ ला चंद्र चिकटवून वेळ मारून न्यायचो. लिबरऑफिसात (वर्डसारखंच, पण फुकट) मजकुराची भाषा मराठी केल्यावर लोहित फाँटात पाकळ्यांचा ल आणि देठाचा श आले, हिंदीतले नव्हेत. हे लोहित फाँट रेड हॅट या लिनक्सवाल्या कंपनीने खुल्या परवान्याने सगळ्यांना दिले, पण मुळात ते पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकचे, म्हणजे ज्यांचं श्रीलिपी हे फाँटांचं सॉफ्टवेअर छापखान्याछापखान्यांत असे त्यांचेच. मला हे वाचून उगाच ओळखीचं कुणीतरी भेटल्यासारखं झालं.

मग इतिवृत्त. पेजमेकर इथे चालत नाही, पण दूरदृष्टी म्हणा की भीती, मी त्या वेळी प्रत्येक मजकूर वर्डमध्येही ठेवत असे. फाइल उघडली. डॉलर, कंस, युरोप. विकत घेतलेला जुना फाँट डी ड्राइव्हवर होता, तो फाँटांच्या फोल्डरात टाकला, फाइल बंद करून पुन्हा उघडली, आणि बावीस वर्षांपूर्वीची सभा जागच्या जागी. गणसंख्येअभावी अर्धा तास तहकूब. गच्चीवरील टाकीच्या गळतीबाबत पुढील सभेत निर्णय घेण्याचे ठरले. टाकी अजून गळते.

पण हे फक्त माझ्या यंत्रात दिसणार. दुसऱ्याला पाठवायचं तर युनिकोडमध्ये आणायला हवं. त्यासाठी कन्व्हर्टर मिळतात आणि ते पुष्कळसं नीट करतातही, पण रफाराशी त्यांचं जमत नाही. जुन्या फाँटात रफार टाइप करायचा अक्षरानंतर, जसा तो डोळ्यांना दिसतो तसा. युनिकोडला तो अक्षराच्या आधी हवा, जसा तो बोलताना येतो तसा. कन्व्हर्टर मध्ये अडखळला की कार्यकारिणीची 'कायर्कारिणी' होते, खर्चाचा 'खचर्', आणि वर्षाचं 'वषर्'. पार्किंगच्या ठरावात तर 'पाकिर्ंग' असं काहीतरी उमटलं होतं. आता इतिवृत्ताचा ऐवज कोर्टकचेरीपर्यंत जाणार असेल तर 'पाकिर्ंग' कुणाच्या बाजूचं, हा वाद नको. बसून सगळे रफार हाताने जागेवर आणले. या कामाला एआय लावता आलं असतं असं भाच्याने नंतर सांगितलं. लावता आलं असतं. पण मूळ ठरावात 'सभासदास' आहे की 'सभासदांस', एवढ्यावर एक जागा की सहा, हे ठरणार होतं, आणि ते मला माझ्या डोळ्यांनी बघायचं होतं.

'सभासदास' होतं. एक जागा.

फाइल सेक्रेटरींना व्हॉट्सॲपवर पाठवली. पाच मिनिटांत उत्तर आलं, "वहिनी, उघडत नाही. ओडीटी म्हणजे काय?" तो लिबरऑफिसचा स्वतःचा प्रकार. वर्डमध्ये करून पाठवली. ती उघडली, पण मोबाइलवर तक्ता फाटला होता. मग पीडीएफ केली. त्यावर अंगठा आला, आणि खाली, "मस्त. प्रिंट मारून फाइलला लावतो. ऑफिस आता पहिल्या मजल्यावर आहे."