तुमची बलस्थानं सांगा : कृषी अधिकारी पदाच्या मुलाखतीचा माझा अनुभव

सरकारी बँकेत कृषी क्षेत्र अधिकारी व्हायचं तर आयबीपीएस या बँक भरती संस्थेची पूर्व परीक्षा, मुख्य परीक्षा आणि मग मुलाखत असा रस्ता आहे. मी परीक्षा दिली तेव्हा मुख्य परीक्षेत शेतीचे ६० प्रश्न होते आणि वेळ ४५ मिनिटं. मुलाखत १०० गुणांची. शेवटच्या यादीत मुख्य परीक्षेला ८० टक्के वजन आणि मुलाखतीला २० टक्के. लेखीसाठी नोट्स मिळतात, सराव परीक्षा मिळतात. पण मुलाखतीत एक प्रश्न हमखास येतो आणि त्याचं उत्तर कुठल्याही नोट्समध्ये नसतं : तुमची बलस्थानं कोणती?

मी राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठातून शिकले. घर सांगोला तालुक्यात, डाळिंबाच्या पट्ट्यात. या एका प्रश्नाची तयारी मी कशी केली आणि प्रत्यक्षात काय विचारलं गेलं, ते सविस्तर लिहिते आहे. आमच्याकडच्या मुलांना, त्यातही मुलींना, स्वतःबद्दल चांगलं बोलायची सवयच नसते. चारचौघांत आपले गुण सांगितले की मिरवते म्हणतात, हे ऐकतच आपण मोठ्या होतो. पॅनेलसमोर मात्र ते सांगावंच लागतं, आणि सांगण्यात काही गैर नाही.

मेहनती, प्रामाणिक, लवकर शिकणारी, टीममध्ये मिसळणारी, हे शब्द मी सुरुवातीलाच बाजूला ठेवले. ते खोटे असतात असं नाही. पण दिवसभरात समोर बसणारा जवळजवळ प्रत्येक उमेदवार तेच सांगतो, आणि त्यातून कुणाचाच चेहरा दिसत नाही. त्याऐवजी मी वेगळा प्रश्न घेऊन बसले : लोक मला कोणत्या कामासाठी हाक मारतात?

घरात उत्तर लगेच मिळालं. आमची भगवा जातीच्या डाळिंबाची तीन एकर बाग आहे. बारावीपासून तिची वही मी लिहिते. फवारणी कधी केली, कोणतं औषध, किती प्रमाणात, त्या आठवड्यात पाऊस होता का, छाटणीची मजुरी किती गेली, माल कोणत्या दराने उठला, सगळं. बागेत तेल्या दिसला की अण्णा आधी वही मागतात. तेल्या हा जिवाणूजन्य रोग. पावसाळी, दमट हवेत झपाट्याने पसरतो आणि फळावर डाग पडून ते तडकलं की सगळा हंगामच हातचा जातो. मागच्या वेळी बोर्डो, म्हणजे मोरचूद-चुन्याचं मिश्रण, कधी मारलं होतं आणि मग किती दिवसांनी रोग आटोक्यात आला, हे आठवणीवर सोडता येत नाही. म्हणजे नोंद ठेवणं ही माझी पहिली गोष्ट ठरली.

दुसरी रावेमध्ये सापडली. कृषी पदवीच्या शेवटच्या वर्षी एक सत्र गावात काढावं लागतं, त्यालाच रावे म्हणतात. एकेका विद्यार्थ्याला एकेका शेतकरी कुटुंबाशी जोडून देतात. मातीचे नमुने, बीजप्रक्रियेची प्रात्यक्षिकं, गावाचा नकाशा अशी कामं असतात. मला ज्यांच्याकडे दिलं होतं ते तात्या साठीच्या पुढचे. ई-पीक पाहणी २०२१ पासून राज्यभर सुरू झाली आणि सातबाऱ्यावर आपलं पीक आपणच मोबाइलवरून नोंदवायचं, हे त्यांना काही जमेना. नातवाच्या मागे लागायचे, नातू शहरात. त्यांचा फोन हातात घेऊन मी दोन मिनिटांत नोंद करून देऊ शकले असते. मी फोन त्यांच्याच हातात ठेवला. गट क्रमांक कुठे येतो, बांधावर उभं राहूनच फोटो का काढायचा, हे त्यांना स्वतः करता येईपर्यंत शेतात थांबले. रब्बीत त्यांनी आपली नोंद आपण केली आणि शेजाऱ्यालाही करून दिली. हे त्यांनी मला फोन करून सांगितलं तेव्हा मला झालेला आनंद अजून जसाच्या तसा आहे.

तिसरी गोष्ट कानडी. आईचं माहेर अक्कलकोटकडचं, त्यामुळे ती भाषा मला पूर्ण कळते, बोलताना थोडी अडखळते. नेमणूक देशात कुठेही होऊ शकते, तेव्हा याला मोल आहे असं मला वाटलं.

नेतृत्व मी यादीत घेतलं नाही. राष्ट्रीय सेवा योजनेत गटप्रमुख होते, प्रमाणपत्रही आहे. पण त्यावर पुढचा प्रश्न आला असता तर सांगण्याजोगा प्रसंग माझ्याकडे नव्हता. प्रसंग नसलेला गुण पॅनेलसमोर काढूच नये, असं माझं ठाम मत आहे.

आमच्या शेजारच्या गावात एक निवृत्त शाखा व्यवस्थापक राहतात. त्यांच्याकडे मी सरावाला जायचे. त्यांची पद्धत सोपी होती. मी एक वाक्य बोलले की ते म्हणायचे, “बरं, मग?” वही लिहिते. बरं, मग? खर्चाचा अंदाज येतो. बरं, मग बँकेला त्याचं काय? या शेवटच्या प्रश्नावर माझी खरी तयारी झाली. गुण माझा असला तरी समोरच्याच्या कामात तो कुठे बसतो, हे मलाच सांगता आलं पाहिजे.

म्हणून मी किसान क्रेडिट कार्डाचं गणित वहीशेजारी मांडून बसले. शेतकऱ्याला पीक कर्ज देणारी ही योजना १९९८ ची. मर्यादा काढताना जिल्हास्तरावर ठरलेला पीक कर्ज दर (व्याजाचा नव्हे, त्या पिकाला क्षेत्रामागे किती कर्ज द्यायचं तो) गुणिले क्षेत्र, त्यावर १० टक्के काढणीनंतरच्या आणि घरखर्चासाठी, २० टक्के शेतीच्या साधनांच्या देखभालीसाठी, शिवाय विम्याचा हप्ता. तीन लाखांपर्यंत ७ टक्के व्याज, आणि वेळेत फेडलं तर ३ टक्के सवलत, म्हणजे प्रत्यक्षात ४ टक्के. आता यातलं ‘वेळेत’ कशावरून ठरतं? पीक निघून विकलं जाण्याच्या काळावरून. इथे डाळिंबवाल्याची अडचण मला वहीत स्वच्छ दिसली. डाळिंबाला तीन बहार, म्हणजे फुलं धरायचे तीन हंगाम. मृग धरला तर माल साधारण डिसेंबर-जानेवारीत, हस्त धरला तर फेब्रुवारीनंतर, आंबे बहाराचा जुलै-ऑगस्टमध्ये. तेल्याच्या भीतीने पुष्कळ शेतकरी मृगावरून हस्ताकडे वळले. बँकेच्या कागदावर बहार जुनाच राहिला तर फळं झाडावर असतानाच हप्त्याची तारीख येऊन जाते. शेतकरी बुडवा नसतो, तरी त्याचं खातं थकीत दिसतं आणि व्याजाची सवलतही हातची जाते.

मुलाखतीच्या दिवशी कागदपत्रांची तपासणी, बोटांचे ठसे, रांग, हे सगळं शांतपणे झालं. मूळ प्रमाणपत्रं आणि छायाप्रतींचा संच क्रमाने लावून नेला की तिथे काही अडत नाही. आत पाच जण होते, त्यात एक मॅडम. मी हिंदीत बोलले तर चालेल का, असं सुरुवातीलाच विचारलं. चालेल म्हणाले. घर, पदवी, डाळिंबाच्या जाती यांवर थोडं बोलणं झालं आणि अध्यक्षांनी तो प्रश्न विचारला.

माझं उत्तर साधारण असं होतं : “सर, मी नोंदी काटेकोर ठेवते. आमच्या डाळिंबाच्या बागेचा खर्च आणि फवारण्या मी बारावीपासून लिहिते, आणि घरचे निर्णय त्या वहीवर होतात. दुसरं, समोरच्याला स्वतः करता येईपर्यंत मी समजावून सांगते. रावेच्या गावात ज्येष्ठ शेतकऱ्यांना ई-पीक पाहणी अशीच शिकवली. आणि मला मराठी, हिंदीबरोबर कानडी कळते.” एवढंच. मिनिटभरही लागलं नाही. तिथून पुढे जे झालं ते सगळं या तीन वाक्यांवरच झालं.

शेतीतज्ज्ञ सर वहीवर आले. “तेल्या आला त्या वर्षी फवारणीचा खर्च किती वाढला?” मी सांगितलं, जवळजवळ दीडपट. लगेच अध्यक्षांचा प्रश्न, “पण शाखेला या वहीचा उपयोग काय?” बहार आणि परतफेडीची तारीख यांचा संबंध मी उलगडून सांगितला. ते पुढे झुकून ऐकत होते. मग म्हणाले, “तीन एकरांची वही ठेवणं वेगळं. शाखेत शेकडो खाती असतील.” मी म्हटलं, “सर, खात्याची नोंद संगणकात असतेच. मी पाहणीला जाईन तेव्हा कोणता बहार धरलाय आणि माल कधी निघणार, या दोन गोष्टी प्रत्येक बागेच्या अहवालात लिहीन. ती माझी सवय आहे, त्यासाठी मला वेगळा वेळ लागत नाही.”

एका सरांनी कानडीत विचारलं, “निम्म ऊरु यावुदु?” मी गाव सांगितलं, आईचं माहेर सांगितलं, आणि पुढचं वाक्य अडल्यावर हिंदीत पुरं केलं. कळतं किती आणि बोलता येतं किती, हे मी आधीच नेमकं ओळखून होते, त्यामुळे दडपण आलं नाही. जे जेवढं आहे तेवढंच सांगावं. पॅनेलमध्ये ती भाषा येणारा माणूस असू शकतो, हे धरूनच चालावं.

मॅडमनी दुसऱ्या गुणाला हात घातला. “तुम्ही समजावून सांगता, पण थकबाकीदार ऐकूनच घेत नसेल तर?” मी म्हटलं, “आधी त्याचं पीक कुठे गेलं ते विचारीन. मग खातं अनुत्पादित (एनपीए) झालं तर त्याचंच पुढचं कर्ज अडतं, हे आकड्यांसह दाखवीन.” त्यावर खातं अनुत्पादित कधी होतं, हे आलंच. अल्प मुदतीच्या पिकाला थकल्यापासून दोन हंगाम, दीर्घ मुदतीच्या पिकाला एक हंगाम. मग त्यांनीच विचारलं, परराज्यात, शेतावर, वसुलीला एकट्या जाल का? हा प्रश्न मुलींना विचारतात आणि त्याची तयारी ठेवावीच. पण ‘हो, मला भीती वाटत नाही’ एवढं उत्तर मला पुरेसं वाटत नाही. मी सांगितलं की रावेच्या काळात रोज सकाळी सहाला शेतात जायचे, कारण शेतकरी त्याच वेळी भेटतो. शिवाय गावात गेल्यावर घरातल्या बायका माझ्याशी मोकळेपणी बोलतात आणि माल कधी विकला, पैसे कुठे गेले, हे बऱ्याचदा त्यांच्याकडूनच कळतं. मॅडम हसल्या. “हे मात्र खरं,” म्हणाल्या.

उणीव विचारली तेव्हा इंग्रजी बोलण्याचा वेग कमी आहे हे सांगितलं, त्यासाठी काय करते तेही सांगितलं. त्यावर कुणी थांबलं नाही.

यादीत माझं नाव आलं. मुलाखतीत गुण चांगले मिळाले. कुठल्या उत्तराला किती, ते काही कळत नाही.

विद्यापीठातल्या धाकट्या मैत्रिणी आता फोन करतात. त्यांतल्या एकीचा प्रश्न मला महत्त्वाचा वाटला : “ताई, आमच्याकडे शेतीच नाही. मी काय सांगू?” तिचे वडील गिरणीत कामाला होते, ती शहरात वाढली. मी तिला तोच प्रश्न विचारला, लोक तुला कशासाठी हाक मारतात? बराच वेळ काही सुचेना. मग म्हणाली, रावेच्या गावात महिला बचत गटाची बैठक असली की त्या तिला बसवून ठेवायच्या, कारण व्याजाचा हिशेब ती सगळ्यांना पटेल असा सांगायची. कुणाचा हप्ता कसा मोजला ते फळ्यावर मांडायची, त्यामुळे भांडण होत नसे. मी म्हटलं, हेच सांग. आणि कुठला वाद, कुणाचा हप्ता, किती रुपये, फळ्यावर काय लिहिलं होतं, हे सगळं आठवून ठेव, कारण ते विचारतील. बचत गटांना बँका कर्ज कसं देतात, तेही वाचून जा. तिने त्या गावातल्या ताईंना फोन करून जुने आकडे पुन्हा विचारून घेतले. तिची मुलाखत मागच्या महिन्यात झाली. बचत गटावरच जास्त वेळ विचारलं, असं तिने सांगितलं. निकाल अजून यायचा आहे.