उटीच्या आधीचं घर

रात्रभर पाऊस कोसळला आणि सकाळी निरोप आला, रुळांवर दरड आलीय, उटीला डोंगर चढून जाणारी छोटी रेल्वेगाडी रद्द. उटीच्या सहलीत टूर लीडरला याहून वाईट बातमी नाही, कारण बरीच मंडळी त्या गाडीसाठीच सीट बुक करतात. नाश्त्याला इडली वाढली जायच्या आत पहिला प्रश्न आला, "ताई, मग रिफंडचं काय?"

आमचा मुक्काम कुन्नूरला होता. ड्रायव्हर अण्णांना म्हटलं, आज उटी नको, कोटगिरीला घ्या. तिथून दोनेक किलोमीटरवर कन्नेरीमुक्कू ही बडगांची, म्हणजे निलगिरीतल्या शेतकरी समाजाची, वस्ती आहे. तिथलं एक घर लोकांना दाखवावं असं फार दिवस मनात होतं, पण ऑफिसच्या कार्यक्रमात ते कधी बसत नव्हतं.

घर जॉन सलिव्हनचं. हा कोइम्बतूरचा कलेक्टर, उटी वसवणारा. पण उटीच्या आधी, 1819 मध्ये डोंगर चढून आल्यावर, त्याने आपलं बस्तान बसवलं ते इथे. पेथकल बंगला म्हणतात त्याला. निलगिरीत गोऱ्या साहेबाने बांधलेलं हे पहिलं घर. उटीचं स्टोन हाउस त्यानंतरचं, 1822 च्या सुमाराचं. मधल्या काळात पेथकल पार मोडकळीला आलं होतं. ते नीट दुरुस्त केलं, म्हणून आज आत निलगिरीच्या इतिहासाचं छोटं संग्रहालय उभं आहे.

बसमधून उतरताना मंडळींचे चेहरे पडलेले. "एवढंसंच?" असंही कानावर आलं. मग मी मुद्दाम साताऱ्यापासून सुरुवात केली. आमच्यात सातारचे एक निवृत्त शिक्षक होते. त्यांना म्हटलं, सर, 1848 मध्ये डलहौसीने सातारा खालसा केला ना? त्यानंतर 1853 मध्ये लंडनमध्ये एक पुस्तिका निघाली. संस्थानिकांशी केलेले तह आपण पाळणार की नाही, असा कंपनीला थेट जाब विचारणारी. ती लिहिणारा माणूस या घरात राहायचा.

सर क्षणभर काही बोललेच नाहीत. मग त्यांनी माझ्या हातातला माइक घेतला आणि प्रतापसिंह महाराजांना 1839 मध्ये पदच्युत करून काशीला कसं धाडलं, त्यांची बाजू मांडायला रंगो बापूजी लंडनला जाऊन कसे झगडले, हे सगळं तिथे उभ्या उभ्या सांगितलं. पाऊस भुरभुरत होता, पण कुणी बसकडे वळलं नाही. रिफंडवाले काका सगळ्यात पुढे होते.

आत भिंतींवर जुने फोटो आहेत. तोडा या इथल्या म्हशी पाळणाऱ्या आदिवासी जमातीची बायामाणसं, अर्ध्या पिंपासारख्या त्यांच्या झोपड्या, अंगावर लाल-काळ्या भरतकामाची पांढरी शाल. नाशिकच्या एक काकू त्या फोटोंसमोर थांबल्या. त्या स्वतः भरतकाम करतात, म्हणून मला वाटलं टाके बघत असतील. त्या मात्र वळून म्हणाल्या, "ही माणसं आधीपासून इथे होती, तर गाव त्याने वसवलं असं कसं म्हणायचं?"

प्रश्न रास्त होता. सलिव्हनने उटीची जमीन तोडांकडून घेतली, एकरी एक रुपयाने, असं सांगतात. जमिनीचे खरे मालक तोडाच, असं तो सरकारदरबारी ठामपणे मांडत राहिला, हेही खरं. पण त्याच्या मागून साहेबांचे बंगले आले, छावणी आली, चहाचे मळे आले आणि तोडांच्या म्हशींची कुरणं गेली. मी दोन्ही सांगितलं. माझ्या मते हे घर जपलं ते फार चांगलं झालं, आणि तोडांचे फोटो त्याच घरात आहेत हे त्याहून चांगलं.

दुसऱ्या दिवशी उटीत चॉकलेटच्या दुकानांआधी सेंट स्टीफन्स चर्चला जायचं, हे मंडळींनीच ठरवलं. सलिव्हनची बायको हेन्रिएटा आणि मुलगी हॅरिएट तिथल्या दफनभूमीत आहेत. तो स्वतः 1841 मध्ये मायदेशी परतला आणि 1855 मध्ये तिकडेच वारला. ओल्या गवतातून चालत सरांनी ती कबर शोधून काढली. काकू शेजारीच होत्या, आणि गाव नक्की कुणी वसवलं हा कालचा वाद जिथे थांबला होता तिथून दोघांनी पुन्हा सुरू केला. जेवणापर्यंत तो चालू होता, आणि तोवर आणखी चारजण त्यात पडले होते.

पुढच्या सहलीच्या कार्यक्रमात मी कन्नेरीमुक्कू घालून घेतलंय. गाडी सुरू असो वा नसो.