एकाच गोळीची तीन नावे

काकूंची पाठ पाच वर्षांपासून दुखत होती, पण त्यांना आमच्या रुग्णालयात आणले ते त्यासाठी नव्हतेच. चार दिवस उलट्या-जुलाब झाले होते, ते थांबल्यावरही अंगातला थकवा जात नव्हता, लघवी अगदी कमी होत होती आणि त्या दिवशी सकाळी उठताना त्यांच्या पायांत जोरच राहिला नव्हता. मी मेडिसिन विभागात फिजिशियन म्हणून काम करते. अशक्तपणाची तक्रार आमच्याकडे रोज येते आणि बहुतेक वेळा तिच्यामागचे कारण साधेच निघते. काकूंचा ईसीजी पाहिला आणि हे प्रकरण साधे नाही हे लगेच कळले. त्यातल्या टी लहरी उंच आणि टोकदार झाल्या होत्या. रक्तातले पोटॅशियम वाढल्याची ती खूण असते, आणि अशा वेळी प्रयोगशाळेच्या अहवालाची वाट पाहत बसायचे नसते. अहवाल आला तेव्हा पोटॅशियम ६.६ होते (५ च्या वर ते जाऊ नये) आणि क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंडे रक्तातून गाळून टाकतात तो टाकाऊ पदार्थ, ४.१. मुलाने सोबत आणलेल्या फाइलमध्ये सहा महिन्यांपूर्वीचे क्रिएटिनिन ०.९ होते. म्हणजे तेव्हा व्यवस्थित चालणारी मूत्रपिंडे आता जवळपास थांबली होती.

हृदयाच्या संरक्षणासाठी शिरेतून कॅल्शियम ग्लुकोनेट, पोटॅशियम पेशींच्या आत ढकलण्यासाठी ग्लुकोजसोबत इन्सुलिन, आणि शरीरातून गेलेले पाणी भरून काढण्यासाठी सलाइन असे उपचार सुरू झाले. डायलिसिसची तयारीही करून ठेवली. काकूंची प्रकृती थोडी स्थिरावल्यावर मी मुलाला विचारले, ‘घरात आईची जेवढी औषधे असतील तेवढी सगळी घेऊन येता का? चिठ्ठीवरची, चिठ्ठीशिवायची, उशीखालची, कपाटातली, सगळी.’ हा प्रश्न मी प्रत्येक रुग्णाला विचारते. नुसते ‘कोणती औषधे चालू आहेत?’ असे विचारले, तर लोक फक्त बीपीची आणि मधुमेहाची औषधे सांगतात. दुखण्यावरची गोळी ते औषधांत धरतच नाहीत.

मुलगा पिशवी घेऊन आला आणि मी सगळ्या पट्ट्या पलंगाशेजारच्या टेबलावर मांडल्या. रक्तदाबासाठी टेल्मिसार्टन आणि हायड्रोक्लोरोथायझाइड यांची एकत्र गोळी होती. कंबरेसाठी सकाळ-संध्याकाळ घ्यायची गोळी होती, तिच्यात एसिक्लोफिनॅक आणि पॅरासिटामॉल. दुसऱ्या एका डॉक्टरांनी ‘स्नायू आखडलेत’ म्हणून दिलेल्या गोळीत स्नायू सैल करणाऱ्या क्लोरझॉक्साझोनबरोबर डायक्लोफिनॅक होते. फारच कळ आली तर घ्यायची म्हणून काकूंनी स्वतःच आणून ठेवलेली तिसरी पट्टी आयब्युप्रोफेनची होती. शिवाय पोटासाठी पॅन्टोप्राझोल आणि कंबरेला चोळायचे एक जेल, त्यातही डायक्लोफिनॅकच. काकूंच्या समजुतीप्रमाणे त्या तीन वेगवेगळ्या कामांसाठी तीन वेगवेगळी औषधे घेत होत्या: एक मणक्यासाठी, एक स्नायूंसाठी आणि एक कळ मारण्यासाठी. प्रत्यक्षात तिन्ही गोळ्यांतले मुख्य औषध एकाच गटातले, म्हणजे सूज आणि वेदना कमी करणाऱ्या दाहशामक औषधांच्या गटातले होते. त्यातही एसिक्लोफिनॅकचे शरीरात काही प्रमाणात डायक्लोफिनॅकमध्येच रूपांतर होते. हे त्यांना कोणी सांगितले नव्हते, आणि पट्टीवर ठळक अक्षरांत छापलेल्या व्यापारी नावांवरून ते कळण्याचा काही मार्गही नव्हता. मूळ औषधाचे नाव त्याखाली इतक्या बारीक अक्षरांत असते की, साठी ओलांडलेल्या माणसाने ते वाचावे अशी अपेक्षाच धरता येत नाही.

ही औषधे मूत्रपिंडाशी नेमके काय करतात हे इथे सविस्तर सांगते, कारण ‘पेनकिलरने किडनी खराब होते’ हे वाक्य सर्वांनी ऐकलेले असते, पण कधी आणि कशी, हे फार थोड्यांना माहीत असते. १९७१ मध्ये ब्रिटिश औषधशास्त्रज्ञ जॉन व्हेन यांनी दाखवून दिले की, अ‍ॅस्पिरिन आणि तिच्यासारखी औषधे शरीरात प्रोस्टाग्लॅंडिन नावाची द्रव्ये तयार होणे थांबवतात. या संशोधनासाठी त्यांना १९८२ मध्ये दोन स्वीडिश शास्त्रज्ञांसोबत नोबेल पारितोषिक मिळाले. सूज, उष्णता आणि वेदना यांत या द्रव्यांचा मोठा वाटा असतो, म्हणून ती कमी झाली की दुखणे कमी होते. पण हीच द्रव्ये जठराच्या अस्तराचे आम्लापासून रक्षण करतात आणि मूत्रपिंडात येणारी सूक्ष्म रक्तवाहिनी मोकळी ठेवतात. पोटात गेलेली गोळी फक्त कंबरेपुरती काम करत नाही, तिचा परिणाम सगळीकडे होतो.

मूत्रपिंडातल्या प्रत्येक गाळणीला पाण्याच्या टाकीसारखे दोन नळ असतात, एक रक्त आत आणणारा आणि एक बाहेर नेणारा. शरीरात पाणी कमी झाले की प्रोस्टाग्लॅंडिन आत येणारा नळ अधिक उघडते आणि अँजिओटेन्सिन नावाचे संप्रेरक बाहेर जाणारा नळ आवळते. त्यामुळे गाळणीतला दाब टिकून राहतो आणि लघवी तयार होत राहते. आता काकूंची औषधे पाहा. दाहशामक गोळ्यांनी आत येणारा नळ आवळला गेला. टेल्मिसार्टन अँजिओटेन्सिनला रोखते, त्यामुळे बाहेर जाणारा नळ सैल राहिला. हायड्रोक्लोरोथायझाइडने शरीरातले मीठ आणि पाणी आधीच कमी केले होते. तरीही बरेच महिने त्यांचे शरीर हे सगळे सोसत होते. उलट्या-जुलाबांनी उरलेले पाणी नेले आणि गाळणीतला दाब पार कोसळला. त्या आजारपणातही काकूंनी एकही गोळी चुकवली नव्हती. उलट, पडून राहिल्यामुळे कंबर जास्त दुखत होती, म्हणून आयब्युप्रोफेनच्या जास्तीच्या गोळ्या घेतल्या होत्या.

फाइल चाळताना आणखी एक गोष्ट लक्षात आली, आणि ती मला सर्वांत जास्त खुपली. वर्षभरापूर्वीपर्यंत काकूंचा रक्तदाब एकट्या टेल्मिसार्टनवर आटोक्यात होता. नंतर तो वाढू लागला आणि त्यावर उपाय म्हणून लघवी वाढवणाऱ्या औषधाची जोड असलेली गोळी सुरू झाली. रक्तदाब वाढल्याच्या नोंदी नेमक्या दाहशामक गोळ्या सुरू झाल्यानंतरच्या होत्या. ही औषधे शरीरात मीठ आणि पाणी साठवून ठेवतात, रक्तदाब वाढवतात आणि रक्तदाबाच्या गोळ्यांचा प्रभावही कमी करतात. म्हणजे दुखण्यावरच्या गोळीने रक्तदाब वाढवला असावा, आणि त्या वाढीवर जे औषध दिले गेले, त्यानेच दुखण्यावरची गोळी मूत्रपिंडासाठी अधिक घातक ठरवली. प्रत्येक डॉक्टरने समोर दिसलेल्या तक्रारीवर योग्य वाटला तो उपचार केला होता, पण सगळ्या पट्ट्या एका टेबलावर कोणीच मांडून पाहिल्या नव्हत्या.

पॅन्टोप्राझोलविषयीही काकूंचा एक ठाम समज होता. ‘पोटाची गोळी बरोबर घेते ना, मग काही होत नाही,’ असे त्या मला पुन्हा पुन्हा सांगत होत्या. त्यात अर्धे सत्य आहे. त्या गोळीमुळे जठर आणि लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागात व्रण होऊन रक्तस्राव होण्याचा धोका बराच कमी होतो, आणि वयस्कर रुग्णाला दाहशामक औषध द्यावेच लागले तर ती बरोबर द्यायलाच हवी. मूत्रपिंड आणि हृदय यांना मात्र तिचा काहीच आधार नसतो. भरल्या पोटी गोळी घेतल्याने मळमळ आणि जळजळ कमी होते, एवढेच. औषध रक्तात जाते आणि धोका तिथून निर्माण होतो. जठराला त्रास होऊ नये म्हणून १९९० च्या दशकाच्या शेवटी कॉक्स-२ या एकाच विकरावर (एन्झाइमवर) निवडकपणे काम करणारी दाहशामक औषधे आली. त्यांतले रोफेकॉक्सिब हृदयविकाराचा झटका आणि पक्षाघात यांचा धोका वाढत असल्याचे दिसल्यावर २००४ मध्ये जगभरातून मागे घेतले गेले. मूत्रपिंडाच्या बाबतीत या निवडक औषधांनीही काही सवलत मिळत नाही.

दुसऱ्या दिवशी पहाटे लघवीचे प्रमाण वाढू लागले आणि डायलिसिस टळले. क्रिएटिनिन दर तपासणीत खाली येत गेले. मूत्रपिंडाची अशी इजा वेळीच ओळखली, तर बहुधा भरून येते, हे तिचे वैशिष्ट्य आहे. या प्रकरणातले मला महत्त्वाचे वाटणारे काम मात्र त्यानंतर सुरू झाले. काकू सावध झाल्यावर त्यांचा पहिला प्रश्न मूत्रपिंडाबद्दल नव्हता. त्या म्हणाल्या, ‘डॉक्टर, त्या गोळ्या बंद केल्यात, आता मी उभी कशी राहणार?’

हा प्रश्न रास्त होता. ‘ही औषधे यापुढे घ्यायची नाहीत’ असे केसपेपरवर लिहून माझे काम संपले असते, पण त्यांची पाठ दुखायची थांबली नसती. पाच वर्षांचे दुखणे अंगावर घेऊन माणूस घरी जातो तेव्हा त्याच्या हाती काहीतरी द्यावे लागते, नाहीतर महिन्याभरात चौथ्या नावाची तीच गोळी घरात येते. म्हणून मी त्यांना विचारले, ‘गोळी चालू होती तेव्हा दुखणे दहापैकी किती असायचे?’ त्या म्हणाल्या, ‘सहा.’ ‘आणि आता, गोळीशिवाय?’ थोडा विचार करून त्या म्हणाल्या, ‘सात. कधी सहा.’ आपल्याच उत्तराचे त्यांना आश्चर्य वाटलेले दिसले.

मला त्याचे फारसे नवल वाटले नाही. तीन महिन्यांपेक्षा जास्त चाललेल्या कंबरदुखीत या औषधांचा उपयोग किती, याचा कॉक्रेन या उपचारांचे पुरावे तपासणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेचा आढावा २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला आहे. निष्क्रिय गोळीच्या तुलनेत त्यात १०० गुणांच्या मापनावर सुमारे ७ गुणांचा फरक दिसला. तो फरक खरा आहे, पण लहान आहे. पाठ नुकतीच धरली असेल, तर काही दिवसांसाठी ही गोळी चांगले काम करते, माणसाला चालते-फिरते ठेवते, आणि त्यासाठी ती द्यायला मी कचरत नाही. जुनाट दुखण्यात मात्र बऱ्याचदा सूज हे मुख्य कारण उरलेले नसते. स्नायू दुबळे झालेले असतात, हालचालीची भीती बसलेली असते, झोप बिघडलेली असते आणि मज्जासंस्था वेदनेबाबत अधिक संवेदनशील झालेली असते. यांपैकी कशावरही दाहशामक गोळी चालत नाही. काकूंच्या एकाही चिठ्ठीवर गोळी किती दिवस घ्यायची हे लिहिलेले नव्हते, आणि गोळीने उपयोग होतो आहे की नाही, हे इतक्या काळात त्यांना कोणी विचारले नव्हते.

आमच्या फिजिओथेरपिस्टने वॉर्डातच काम सुरू केले. पहिल्या दिवशी पलंगावर कुशीवर वळणे आणि उठून बसणे, मग व्हरांड्यात चालणे, मग पोटाच्या आणि नितंबांच्या स्नायूंचे दोन सोपे व्यायाम. दुखले तरी इजा होत नाही, हे पटायला काकूंना वेळ लागला, आणि मला वाटते त्यांच्या सुधारणेत या पटण्याचा वाटा सगळ्यात मोठा होता. जेल मी बंदच ठेवले. त्यातून रक्तात जाणारे औषध अगदी थोडे असले, तरी मूत्रपिंडे नुकतीच सावरत होती, आणि गुडघ्याला होतो तसा जेलचा उपयोग कंबरेच्या खोल दुखण्याला होत नाही.

घरी जायच्या दिवशी क्रिएटिनिन १.२ होते. कागदपत्रे तयार होत असताना मुलगा बाजूला येऊन हळू आवाजात म्हणाला, ‘मॅडम, माझीही पाठ दुखते. मी नॅप्रोक्सेन घ्यायचो, तीही त्याच गटातली गोळी. आईचे पाहून सगळ्या गोळ्या फेकून दिल्या, पण आता रात्री झोपताच येत नाही.’ त्याचे वय अठ्ठावीस. मी सहज विचारायला लागले आणि दोन-तीन उत्तरांनंतर खुर्ची ओढून त्याच्यासमोर बसले. दुखणे चार वर्षांपासून हळूहळू वाढले होते. सकाळी तासभर पाठ ताठ राहायची. चालले की बरे वाटायचे आणि पडून राहिले की वाढायचे. रात्री उत्तरार्धात जाग यायची आणि उठून फेऱ्या मारल्याशिवाय पुन्हा झोप लागायची नाही. मागच्या वर्षी एक डोळा लाल होऊन फार दुखला होता आणि त्यावर बरेच आठवडे थेंब टाकावे लागले होते. गोळी घेतली की दोन दिवसांत ऐंशी टक्के आराम पडायचा.

हे आईचे दुखणे नव्हते. ही मणक्याच्या आणि माकडहाडाजवळच्या सांध्यांची खरी सूज होती. एमआरआयमध्ये ती स्पष्ट दिसली, अशा आजारात बहुधा सापडणाऱ्या जनुकीय खुणेची, एचएलए-बी२७ ची, रक्ततपासणीही होकारार्थी आली आणि मी त्याला संधिवाततज्ज्ञांकडे पाठवले. अँकिलोझिंग स्पॉन्डिलायटिस, म्हणजे पाठीच्या कण्याचा सूज आणणारा संधिवात, या गटातल्या आजारात दाहशामक औषध, तेही पूर्ण मात्रेत आणि नियमाने, हाच व्यायामाबरोबरचा पहिला उपचार असतो. एका औषधाने दोन ते चार आठवड्यांत पुरेसा फरक पडला नाही, तर दुसरे देऊन पाहतात, आणि तेही अपुरे पडले तर सूज घडवणाऱ्या विशिष्ट प्रथिनांना रोखणाऱ्या जैविक औषधांचा विचार करतात. भीतीपोटी त्याने गोळ्या फेकल्या होत्या, पण त्याच्यासाठी तीच गोळी योग्य होती. मात्र ती डॉक्टरांच्या देखरेखीखाली घ्यायला हवी होती.

काकूंना हे पटवणे अवघड गेले. ‘माझी किडनी गेली त्या गोळीने, आणि तुम्ही ती पोराला देता?’ असे त्यांनी मला पुढच्या भेटीत सरळ विचारले. मी त्यांच्यासमोर दोघांच्या फाइल शेजारी शेजारी ठेवल्या आणि एकेक फरक दाखवला. त्याचे वय कमी, रक्तदाब नाही, त्यावरची औषधे नाहीत, मूत्रपिंडे निरोगी, गोळी एकाच नावाची आणि एकाच चिठ्ठीवरची, आणि दर काही महिन्यांनी क्रिएटिनिन व रक्तदाब तपासायचे ठरलेले. काकूंनी सगळे ऐकून घेतले आणि मुलाकडे वळून विचारले, ‘उलट्या-जुलाब झाले तर काय करायचे?’ तो म्हणाला, ‘गोळी त्याच दिवशी बंद करायची, भरपूर पाणी प्यायचे आणि डॉक्टरांना फोन करायचा.’ त्यांनी त्याला ते चिठ्ठीच्या पाठीमागे लिहून घ्यायला लावले. मग मी काकूंचा रक्तदाब मोजला. लघवी वाढवणारे औषध बंद होते आणि क्रिएटिनिन पूर्ववत झाल्यावर फेरतपासणीच्या अटीवर सुरू केलेल्या एकट्या टेल्मिसार्टनवर तो आता १२८/७८ होता.