पावणेदोन लिटर

रंगपंचमीला इंदुरात दवाखाना उघडून बसणं म्हणजे माश्या मारणं. माझा दवाखाना मल्हारगंजात, टोरी कॉर्नरपासून हाकेच्या अंतरावर. एकदा गेर, म्हणजे रंगपंचमीची मिरवणूक, निघाली की दुपारपर्यंत रस्ता आपला राहत नाही. शटर अर्धं ओढून मी पोहे खात होतो, तेवढ्यात फोन वाजला.

"डॉक्टरसाब, बाबा काहीतरीच बडबडताहेत. मला सकाळपासून काकाच्या नावानं हाक मारताहेत."

पंढरीनाथजवळचं जुनं घर. बाबा म्हणजे गणिताचे निवृत्त मास्तर, वय ७८, मला हक्कानं 'अरे' म्हणणारे.

"लघवी होतेय ना?" मी सवयीनं विचारलं.

"दिवसभर तेच तर चाललंय! डायपर लावलाय, तोही पुरत नाही. तुमच्या गोळीनं उलट वाढलंच."

पोह्याचा घास घशातच अडकला. तीन आठवड्यांपूर्वी मुलगा एकटाच आला होता. बाबा रात्री पाच-सहा वेळा उठतात, मोरीपर्यंत पोचेस्तोवर धोतर ओलं होतं, म्हणाला. मी सॉलिफेनासिन लिहून दिली. मूत्राशयाची चुळबुळ शांत करणारी गोळी. मास्तरांना न बघता, पोटाला हात न लावता. बाहेर बारा पेशंट बसले होते, ही सबब आज लिहितानाही हलकी वाटते.

वारंवार जावं लागणं दोन तऱ्हांचं असतं. एकात मूत्राशय थोडं भरलं तरी उतावीळ होतं. दुसऱ्यात ते रिकामंच होत नाही. टाकी काठोकाठ भरलेली, खालचा नळ प्रोस्टेटनं दाबलेला, आणि जे गळतं ते नुसतं वरचं सांडणं. घरच्यांना वाटतं, लघवी तर भरपूर होतेय. अशा माणसाला मी मूत्राशय आणखी ढिलं करणारी गोळी दिली असेल, तर ती बडबड वयाची नव्हती.

ॲम्ब्युलन्सला विचारलं. राजवाड्याच्या बाजूला गाडी आत येणार नाही म्हणाले. खालच्या मेडिकलवाल्याला उठवून लघवीच्या १६ नंबरच्या दोन नळ्या, लघवी साठवायची युरोबॅग, बधिर करणारी झायलोकेन जेली, ग्लोव्हज, सिरिंज घेतलं, दुधाच्या जाड पिशवीत गुंडाळलं आणि पायी निघालो. टँकरमधून पाण्याचे फवारे, तोफेतून गुलाल. राजवाड्याशी एका पोरानं "भिया, रंगपंचमी है!" म्हणत डोक्यावर अख्खी बादली ओतली. पिशवी पोटाशी धरून मी तसाच पुढे सरकलो. घरी पोचलो तेव्हा वहिनींनी मला ओळखलंच नाही. आधी कोपरापर्यंत हात धुऊन घेतले, तरी नखांतला हिरवा गेला नाही.

खोलीत शिरताच उग्र वास आला. मास्तर पडून होते, पावलं सुजलेली, जीभ कोरडी. "पोट सुटलंय हल्ली," काकू म्हणाल्या. चादर बाजूला केली. ओटीपोटापासून बेंबीच्या वरपर्यंत गोल, ताणलेला उंचवटा. बोटांनी ठोकून पाहिलं, आवाज बद्द. दुखतंय का विचारलं तर मान हलवून नाही म्हणाले. हेच फसवं असतं. अचानक तुंबली तर माणूस ओरडून घर डोक्यावर घेतो, पण महिनोन्महिने साचत गेली की मूत्राशय बिचारं ताणत राहतं, कुरकुरत नाही. त्यात आम्ही सगळ्यांनी मिळून त्यांचं पाणी कमी केलेलं, "रात्री उठायला नको" म्हणून.

जेली सोडली, पाच मिनिटं थांबलो. नळी सरकत गेली आणि प्रोस्टेटपाशी अडली. जोर लावायचा नसतो. "मास्तर, लांब श्वास घ्या, पाय ढिले सोडा." नळी अलगद आत गेली. गढूळ पिवळी धार आली, ती येऊ दिली, मगच नळी आत अडकवून ठेवणारा टोकाचा फुगा १० मिली पाण्यानं फुगवला. धारेच्या आधी फुगवला आणि तो मूत्रमार्गातच असला तर रक्तबंबाळ होतं.

पिशवीवरचे आकडे मी आणि मुलगा बघत राहिलो. पाचशे. इथे साधारण माणसाचं मूत्राशय भरून जातं. हजार. दीड हजार. धार बारीक झाली तेव्हा पोट सपाट होतं आणि पिशवीत १७०० मिली. "आम्ही रोज चादरी धुतोय आणि आत एवढी?" वहिनी म्हणाल्या. माझ्याकडे बघून नाही, पण मला लागलं.

नळी घातली म्हणजे संपलं, असं नाही. तुंबलेल्या मूत्रपिंडांची वाट मोकळी झाली की ती कधी कधी बेसुमार लघवी काढतात, पाठोपाठ मीठही. म्हणून दुपारी रस्ता उघडताच इस्पितळात हलवलं. मूत्रपिंडं किती बिघडलीत ते सांगणारं रक्तातलं क्रिएटिनीन ५.८, खूपच चढलेलं. सोनोग्राफीत दोन्ही मूत्रपिंडं फुगलेली. रात्री तासाला अडीचशे-तीनशे मिली लघवी, त्या हिशेबानं सलाईन. तिसऱ्या दिवशी मास्तरांनी मुलाला त्याच्याच नावानं हाक मारली. दहा दिवसांत क्रिएटिनीन १.९ वर आलं. त्याखाली उतरलं नाही.

पीएसए, म्हणजे प्रोस्टेटची रक्ततपासणी, त्या दिवशी मुद्दाम केली नाही. तुंबलेल्या लघवीनं आणि नळीनं ती तशीही चढते, मग उगाच कॅन्सरची धास्ती. दीड महिन्यानं केली, ठीक होती. मग दुर्बिणीतून प्रोस्टेट खरवडून काढली, नळी निघाली.

नंतर मी घरी गेलो तेव्हा त्या गोळीचं स्पष्ट सांगून टाकलं. मुलगा गप्प राहिला. काकूंनी चहा ठेवला. मास्तरांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "किती होती रे आत?"

"पावणेदोन लिटर."

"पिशवीवर किती होतं?"

"सतराशे."

"सतराशे म्हणजे पावणेदोन नव्हे. पन्नास कुठे गेले?"